शनिवारच्या पंगतीला पहिल्यांदा येतोयस म्हणून

नवा आहेस, तर आधी स्वयंपाकघरातच ये. ताट-वाटी घरची आण. पावसाळ्यात टाकळा ही रानभाजी निवडायचं काम मागून घे. कोवळी पानंच खुड, जून झाली की कडवट लागतात. बेळगावी बासमतीचा भात शिजला की अख्खा व्हरांडा घमघमतो, तेव्हा झाकण काढायला तूच पुढे हो! खरकटं खतखड्ड्यात टाकलंस की वर सुका पाला भरपूर घाल. पहिल्या वर्षी मी नुसती ओली सालं ओतली आणि आठवडाभर अळ्या उपसल्या. भिंत रंगवायला गेरू आणि चुना पुरे. कधी बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला येळ्ळूर गावाकडून पहाटे चढू. खानापूरच्या रानात मात्र जळवांसाठी मिठाची पुरचुंडी खिशात हवीच. आणि कानडी मित्रांनाही हाक मार, त्यांच्या जोळद रोट्टीशिवाय, म्हणजे ज्वारीच्या भाकरीशिवाय, मला पंगत अपुरी वाटते.