पाण्याच्या अहवालावर मतदान?

प्रश्न : ताई, आमच्या गावच्या विहिरींच्या पाण्याचा अहवाल ग्रामसभेत वाचला गेला. शेवटी लिहिलं होतं, ‘धोका नाही’. लगेच काहींनी मतदान मागितलं. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. प्रयोगशाळेचा निकाल हात वर करून ठरवायचा? विज्ञानात मूल्यं आणि लोकशाही शिरली, तर विज्ञान उरतं कुठे?
– एक शिक्षक, डिचोली तालुका

उत्तर : सर, आकड्यावर मतदान नाही, यात वादच नाही. हात वर केल्याने पाण्यातलं लोह कमी होत नाही. पण ‘धोका नाही’ हे कुठल्याही यंत्रावर उमटत नाही. एवढा पुरावा पुरे, असं कुणीतरी ठरवलेलं असतं.

अमेरिकी तत्त्वज्ञ रिचर्ड रडनर यांनी 1953 मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. औषधात विषारी अंश नाही म्हणायला पुरावा भक्कम लागतो, पट्ट्याची बक्कलं ठीक आहेत म्हणायला तेवढा लागत नाही. निष्कर्ष चुकला तर कुणाचं काय जाईल, हे पाहिल्याखेरीज ‘पुरे’ म्हणता येत नाही.

2018 मध्ये गोव्यात मासळीत फॉर्मेलिन, म्हणजे प्रेतं टिकवायला वापरतात ते फॉर्मल्डिहाइडचं द्रावण, असल्याची ओरड झाली, आठवतं ना? मडगावच्या घाऊक बाजारात जागेवरची चाचणी ‘फॉर्मेलिन आहे’ सांगत होती, प्रयोगशाळा म्हणत होती ‘मर्यादेत’. लोक बांगड्याला हात लावेनात. आमच्याकडे रविवारीसुद्धा डाळ शिजली. यजमानांचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं! आता, फॉर्मल्डिहाइड मासळीत थोडं निसर्गतःच तयार होतं. मग मर्यादा कुठे आखायची? देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 मध्ये बहुतेक मासळीसाठी किलोमागे 4 मिलिग्रॅम धरली. पण दोन्ही वेळा हुमण (माशांची आमटी) जेवणाऱ्या घराला आणि महिन्यातून एकदा मासे खाणाऱ्याला तीच रेघ पुरेल का, हे रसायनशास्त्र एकटं सांगू शकत नाही. तिथे खाणाऱ्याला विचारावं लागतं.

तुमची भीती मात्र खरी आहे. तुमच्या गावाजवळची खाण चालू राहावी म्हणून, किंवा बंद पडावी म्हणून, कुणी आकडाच वाकवला तर? हेदर डग्लस या तत्त्वज्ञ बाई तिथे ठाम आहेत : किती पुरावा हवा हे ठरवताना मूल्यांना जागा आहे, पुराव्याच्या जागी ती बसवायची नाहीत.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत अहवाल करणाऱ्यांना बोलवा. नमुने कुठल्या महिन्यात घेतले? खाणीच्या उतारावरच्या विहिरींचे होते का? मर्यादा कुठली धरली, धोका असूनही निसटण्याची शक्यता किती? उत्तरं सगळ्यांना दिसतील अशी फळ्यावर लिहा. ते काम तुमच्यासारख्याचंच. मतदान घ्यायचंच असेल, तर पावसाळ्यात फेरतपासणी करायची का, यावर घ्या.