बंडखोर सेनापती की बंडखोरांचा सेनापती?

प्रश्न असा आलाय की सुदानच्या सरकारविरुद्ध दोन दशकं लढलेल्या जॉन गरांगवर लेख लिहायचाय, तर त्याला 'बंडखोर सेनापती' म्हटलेलं चालेल का, की सरळ क्रांतिकारक म्हणावं, आणि ते युद्ध गृहयुद्ध की यादवी.

आधी बंडखोर. यातला 'खोर' फारसी, मूळ अर्थ खाणारा, म्हणून लाचखोर. पण मराठीत तो नुसती खोड दाखवायलाही लागला, भांडखोर, चुगलखोर, नफेखोर, आता या पंगतीत एक तरी धड माणूस दिसतोय का बघा! म्हणजे ज्याच्याविरुद्ध बंड झालं त्याचा राग या शब्दात मुळातच आहे. तरी मी तोच वापरेन, कारण निवडणुकीतल्या बंडखोर उमेदवारांनी तो इतका मवाळ करून टाकलाय की आता कोणाला टोचत नाही. क्रांतिकारक म्हटलं की निकाल देऊन मोकळे झालात, अतिरेकी म्हटलं तरी तेच.

आणि खोड हा अर्थ गरांगला गमतीशीर बसतोही. तरुणपणी तो दक्षिण सुदानातल्या 'अन्यान्या' नावाच्या बंडखोर फौजेत होता, १९७२ च्या सरकारबरोबरच्या अदिस अबाबा करारानंतर त्यातल्या बऱ्याच जणांना सरकारी सैन्यात घेतलं त्यात हाही गेला, कर्नल झाला, मधे अमेरिकेत जाऊन शेतीच्या अर्थशास्त्रात पीएचडी केली (त्याची माणसं त्याला 'डॉक्टर जॉन' म्हणायची ते यामुळेच). मग मे १९८३ मधे बोर गावातल्या दक्षिणी पलटणीने उत्तरेत बदलीवर जायला नकार दिला, त्यांची समजूत घालायला सरकारने याला पाठवलं आणि हा त्यांनाच जाऊन मिळाला. इथे फितूर शब्द सुचेल, पण फितूर आत राहून शत्रूला मिळालेला असतो. हा उघड बाहेर पडला, स्वतःचं सैन्य उभं केलं, पुढे २१ वर्षं लढला, तो बंडखोरच.

आता 'बंडखोर सेनापती'. यात घोटाळा आहे, कारण याचे दोन अर्थ होतात, बंड केलेला सेनापती किंवा बंडखोरांचा सेनापती. गरांग सरकारचा सेनापती कधीच नव्हता, म्हणून षष्ठी लावा, 'बंडखोरांचा सेनापती'. कमांडर नको, त्याच्या हाताखाली कमांडर कितीतरी होते. म्होरक्या तर नकोच, म्होरक्या टोळीचा असतो.

गृहयुद्ध चूक नाही, पेपरात रुळलाय. पण मला यादवी आवडतो, यादव आपसात लढून संपले त्यावरून आलेला. फक्त जपून वापरा. खार्टूम (म्हणजे राजधानीतलं सरकार) विरुद्ध दक्षिण या लढाईला यादवी म्हणताना जरा अडखळायला होतं, पण १९९१ ला गरांगचाच एक कमांडर रिएक माचार फुटला आणि दिंका नि नुएर या दक्षिणेतल्याच दोन जमाती एकमेकांवर तुटून पडल्या, बोर भागातच मोठी कत्तल झाली, ती अस्सल यादवी. लेखात दोन्ही शब्द ठेवून हा फरक दाखवता येईल.

एक राहिलं. लेखासोबतचा फोटो जुलै २००५ चा असेल तर त्याखालच्या ओळीत बंडखोर लिहू नका. त्या जानेवारीत सरकारशी झालेल्या शांतता करारानुसार ९ जुलैला त्याने देशाचा 'प्रथम उपराष्ट्राध्यक्ष' (दोन उपराष्ट्राध्यक्षांतला वरचा) म्हणून शपथ घेतली होती, आणि ३० जुलैला युगांडाहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून गेला. ते तीन आठवडे तो सरकार होता.