एका खुर्चीची दोन तिकिटे

प्रश्न : आमची हौशी नाट्यसंस्था आहे आणि वर्डप्रेस या संकेतस्थळे चालवण्याच्या प्रणालीवरचे संकेतस्थळ आम्हीच सांभाळतो. मागच्या प्रयोगाला त्यातच वूकॉमर्स हे ऑनलाइन दुकान चालवण्याचे सॉफ्टवेअर जोडून प्रत्येक खुर्ची स्वतंत्रपणे विक्रीला ठेवली. नाट्यगृहाच्या खिडकीवर विकल्या गेलेल्या खुर्च्या आम्ही रोज रात्री संकेतस्थळावर नोंदवत होतो. प्रयोगाच्या दिवशी ड रांगेतल्या १४ क्रमांकाच्या खुर्चीसाठी दोन प्रेक्षक तिकीट घेऊन उभे राहिले. दोघांनीही ते ऑनलाइनच काढले होते. आणखी तिघांचे पैसे खात्यातून गेले, पण तिकीट आले नाही. तिकिटे विकणाऱ्या पोर्टलला कमिशन न देता हे काम नीट करता येईल का?
– एक कार्यवाह, सांगली

उत्तर : आधी ड-१४ बद्दल. खिडकीवरचा माणूस समोर प्लॅनचा, म्हणजे आसनांच्या नकाशाचा कागद ठेवून बसतो, प्रेक्षकाने बोट ठेवलेल्या खुर्चीवर पेन्सिलीने फुली मारतो आणि मगच तिकीट फाडतो. कागद एकच असल्यामुळे फुली आणि तिकीट यांच्यामध्ये दुसरा कोणी शिरू शकत नाही. वूकॉमर्स २०११ साली आले ते दुकानांसाठी. चाळीस साड्या संपल्यावर एकेचाळिसाव्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणे त्याला उत्तम जमते, पण नाटकाच्या प्लॅनची शिस्त त्यात मुळातून नाही. खुर्ची कार्टमध्ये, म्हणजे खरेदीच्या टोपलीत टाकली की ती आपली झाली, असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्यक्षात पैसे भरण्यासाठी ऑर्डर तयार होईपर्यंत ती कोणालाही घेता येते. त्यानंतर पैशांची वाट पाहण्याची मुदत मूळ सेटिंगमध्ये ६० मिनिटे असते आणि ती संपली की ऑर्डर रद्द होऊन खुर्ची पुन्हा विक्रीला येते. पहिल्या प्रेक्षकाचे पैसे मिळाल्याचा निरोप गेटवेकडून, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेकडून, त्यानंतर आला, तर रद्द झालेली ऑर्डरही ‘भरणा झाला’ अशी नोंदली जाऊ शकते आणि तोवर दुसऱ्याने तीच खुर्ची घेतलेली असते. तुमच्याकडे बहुधा हेच घडले असावे.

मुदत संपल्यावर पैसे न भरलेली ऑर्डर रद्द करण्याचे काम वर्डप्रेस स्वतःच्या वेळापत्रकाने करते, पण ते वेळापत्रक कोणी संकेतस्थळ उघडले तरच हलते. त्यामुळे शांत दुपारी अशा ऑर्डरी तासन्‌तास तशाच पडून राहू शकतात. वेग वाढवण्यासाठी कॅशे, म्हणजे पानांची साठवलेली प्रत दाखवणारी सोय, लावला असेल, तर प्रेक्षकाला दिसणारे पान जुने असू शकते आणि गेलेली खुर्ची त्यावर रिकामीच दिसते.

तिघांच्या पैशांचे कारण वेगळे आहे. यूपीआयने पैसे गेल्यावर प्रेक्षक ब्राउझरमध्ये परतलाच नाही, तर भरणा झाल्याची बातमी गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो. सुरक्षेसाठी जोडलेल्या प्लगइनने, म्हणजे पूरक सॉफ्टवेअरने, तो निरोप अडवला किंवा संकेतस्थळ ठेवलेले स्वस्त होस्टिंग त्या क्षणी मान टाकून बसले, तर ऑर्डर तशीच पडून राहते.

कमिशन वाचवण्याची तुमची तळमळ मला समजते. हौशी संस्थेच्या जमाखर्चात ती रक्कम टोचतेच. मात्र गेटवेचे शुल्क स्वतःच्या संकेतस्थळावरही चुकत नाही, आणि प्रयोग रद्द होऊन पैसे परत केले तरी बहुतेक गेटवे ते परत देत नाहीत. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : आसनक्रमांक नसलेला, आधी येईल त्याला आधी जागा असा छोटा प्रयोग असेल तर विक्री खुशाल संकेतस्थळावर ठेवा, क्रमांकित खुर्च्यांचे मोठे नाट्यगृह असेल तर प्लॅन पोर्टलकडे राहू द्या आणि खिडकीवरची विक्रीही त्याच प्लॅनवर नोंदवा. पोर्टलचे पान तुमच्या पानातल्या चौकटीत बसवू नका, सरळ दुवा द्या. सफारी ब्राउझर २०२० पासून परक्या संकेतस्थळाच्या कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये ठेवल्या जाणाऱ्या छोट्या नोंदी, मुळातच अडवतो, त्यामुळे आयफोनवर चौकटीत निवडलेली खुर्ची पैसे भरण्याआधीच हरवू शकते.

तरीही सगळे स्वतःकडे ठेवायचे ठरवलेत, तर खिडकीला आणि संकेतस्थळाला वेगवेगळ्या रांगा वाटून द्या. रात्रीच्या नोंदीवर अवलंबून राहू नका. तिकिटांच्या पानांचा कॅशे बंद करा, वेळापत्रक सर्व्हरच्या क्रॉनवर, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवणाऱ्या सोयीवर टाका आणि खुर्ची राखण्याची मुदत १५ मिनिटांवर आणा. मात्र गेटवेवर पैसे भरण्याची मुदत त्याहून कमी ठेवा, नाहीतर ड-१४ ची घटना पुन्हा घडेल. प्रयोगाच्या सकाळी गेटवेचा अहवाल आणि ऑर्डरची यादी शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवा.

त्या तिघांचे व्यवहार मात्र आजच गेटवेच्या खात्यात शोधा. पैसे संस्थेकडे जमा झालेले दिसले, तर त्यांनी मागण्याची वाट न पाहता परत करा आणि तसे फोन करून कळवा.