‘दोघं जवळ येतात’ या एका ओळीत काय काय दडतं?

चित्रपटातल्या प्रेमप्रसंगांबद्दल येणाऱ्या पत्रांत शब्द बदलतात, गोंधळ तोच असतो. हा प्रसंग कथेसाठी आहे की तिकिटासाठी, हे ओळखायचं कसं? माझी निम्मी हयात संकलनाच्या टेबलावर गेली आणि उरलेली पटकथेच्या वर्गात. त्यामुळे उत्तरं त्या दोन जागांवरून देते आहे. कायद्याचा किंवा मनाचा प्रश्न आला की मात्र त्या त्या माणसाकडेच जायला हवं.

मुलगा अकरा वर्षांचा आहे. ‘यूए 13+’ लिहिलेल्या चित्रपटाला त्याला नेऊ का? (कोथरूड)

सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 2023 च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले. तो पालकांसाठी इशारा आहे, बंदी नाही. बंदी फक्त ‘ए’ला, 18 वर्षांखालच्यांना. आधी तुम्ही एकट्याने बघून या आणि मग ठरवा.

माझं वय 78. प्रभातच्या काळात असलं काही दाखवत नसत, तरी चित्रपट चालत. मग आताच ही गरज कुठून आली? (सदाशिव पेठ)

तुमच्या वयाचा मान ठेवून सांगते, यातलं निम्मं ऐकीव आहे. मूकपटांत चुंबनं होती. 1929 च्या ‘प्रपंच पाश’मध्ये आहे. 1933 च्या ‘कर्मा’तल्या देविका राणी आणि हिमांशू राय यांच्या चुंबनाबद्दल तर ‘चार मिनिटांचं’ असं अजून छापून येतं. तो आकडा फुगवलेला आहे, पण मला जास्त खटकतं ते वेगळंच. लांबी सगळे सांगतात, प्रसंग काय आहे ते कोणी सांगत नाही. साप चावून राजकुमार निपचित पडलाय आणि राजकन्या त्याला शुद्धीवर आणायला धडपडते आहे. आधी प्रसंग बघायचा, मग घड्याळ.

आता प्रभात. लॉ कॉलेज रस्त्यावर आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे, तिथेच प्रभातचा स्टुडिओ होता. तिथेच 1937 साली ‘कुंकू’ झाला. नीराचं लग्न फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लावतात आणि ती त्याला नवरा मानायला नकार देते. सबंध चित्रपटाचा कणा हाच, की शेजघरात जे व्हायचं ते ती होऊ देत नाही. म्हणजे प्रभातने हा विषय टाळला नव्हता. त्यांना दार कुठे बंद करायचं ते कळत होतं आणि दाराबाहेर उभं राहून आत काय चाललंय ते प्रेक्षकाला समजावून देता येत होतं.

आणि ‘गरज’ हा शब्द आजच्या पोरांनी काढलेला नाही. न्यायमूर्ती खोसला यांच्या समितीने 1969 मध्येच म्हटलं होतं की कथा सांगताना चुंबन किंवा नग्नता तर्काला धरून, सुसंगत किंवा आवश्यक असेल, आणि हाताळणी नाजूक असेल, तर तो शॉट वगळायचं कारण नाही. वाद आजही त्या ‘आवश्यक’पाशीच अडलेला आहे.

नट-नट्या हे सगळं खरंच करतात का? (हडपसर)

नाही. तो अभिनय असतो आणि मोजून बसवलेला असतो. याबद्दलच्या अफवा पुढे पाठवू नका.

माझी पटकथा आई-मुलीची आहे. निर्माते म्हणतात, ओटीटीला विकायचं तर पहिल्या दहा मिनिटांत एक बोल्ड सीन हवाच. घालू का? (कर्वेनगर)

नको. ‘ओटीटीला हवाच’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता एकच विचारते: कोणी सांगितलं, आणि ते लेखी आहे का? लेखी कधीच नसतं. तो सीन कथेसाठी मागितला जात नाही. त्यातली एक चौकट काढून पोस्टर करायची असते, ट्रेलरच्या शेवटी तीन सेकंद टाकायचे असतात. प्रेक्षक त्यासाठी येतो, आई-मुलीची गोष्ट बघून चिडतो आणि दहाव्या मिनिटाला बंद करतो. ज्याला आई-मुलीची गोष्ट हवी होती, तो पोस्टर बघूनच आलेला नसतो. दोन्हीकडून नुकसान तुमचं. शिवाय 2021 च्या नियमांनुसार प्लॅटफॉर्मला वयाचं वर्गीकरण दाखवावं लागतं आणि ‘ए’ असेल तर बघणाऱ्याच्या वयाची खातरजमाही करावी लागते. या सीनने तुमचा प्रेक्षक कमीच होईल. पटकथेत बदल करायचा अंतिम अधिकार करारात कोणाकडे आहे, ते वकिलाकडून वाचून घ्या. सही करायच्या आधी.

पहिलाच चित्रपट. पटकथेत लिहिलंय, ‘दोघं जवळ येतात. कट टू सकाळ.’ मित्र म्हणतात हा सीन नीट दाखव, सर म्हणतात काढून टाक. मी म्हटलं, सेटवर बघू. गरज आहे की नाही हे ठरवायचं कसं? (वारजे)

या पत्रासाठी जास्त जागा घेते, कारण माझी सगळ्यात मोठी काळजी या तुमच्या ‘सेटवर बघू’ची आहे.

आधी कसोटी. या सीनच्या आधीचं पान वाचा, नंतरचं वाचा आणि मधलं हाताने झाका. नंतरच्या पानातला एकही संवाद, एकही नजर बदलावी लागत नसेल, तर मधलं पान तुमच्या पटकथेचं नाही. ते दाखवायचं की सुचवायचं, हा प्रश्न त्यानंतरचा.

उदाहरण घेऊ. कसब्यातल्या वाड्यात दोन खोल्यांची जागा. नवं जोडपं आतल्या खोलीत, मधे नुसता पडदा, पलीकडे सासूबाईंचा खोकला. ती हातातल्या बांगड्या एकेक करून काढते आणि उशीखाली ठेवते, आवाज होऊ नये म्हणून. सकाळच्या घाईत घालायला विसरते. चहा देताना सासूबाईंना तिचे मोकळे हात दिसतात. आता मधलं पान झाकून बघा. चहाचा सीन उभाच राहत नाही. अंगावरचा एक कपडा न हलवता हा प्रेमप्रसंग झाला आणि तो कथेतून उपटता येत नाही.

याचा अर्थ सुचवणंच नेहमी श्रेष्ठ, असा काढू नका. तुमचे सर तसं म्हणत असतील तर मला ते पटत नाही. 1973 च्या ‘डोन्ट लुक नाऊ’मध्ये निकोलस रोगने प्रसंग चांगला मोकळेपणाने दाखवला आहे. मुलगी बुडून गेलेलं जोडपं व्हेनिसमध्ये आहे. त्यांचा प्रणय आणि नंतर बाहेर जेवायला जाण्यासाठी कपडे घालणं, हे एकमेकांत कापत नेलंय. शर्टाचं बटण लावणाऱ्या हातावरून पाठीवर फिरणाऱ्या हातावर. दुःखाने दुरावलेले दोघं एका संध्याकाळपुरते नवरा-बायको होतात आणि ते होत असतानाच ती संध्याकाळ संपते आहे, हे संकलनातूनच कळतं. हा सीन काढला तर पुढे त्या माणसाचं जे होतं ते निम्मंसुद्धा लागत नाही. उलट बाजूला वाँग कार-वाय. ‘इन द मूड फॉर लव्ह’साठी त्याने प्रणयाचा प्रसंग चित्रित केला आणि नंतर काढून टाकला. त्या दोघांची गोष्ट न झालेल्या गोष्टींची होती. एकाने ठेवला, एकाने काढला, आणि दोघांचंही बरोबर.

हिचकॉकचं ‘नोटोरियस’ 1946 चं. तेव्हा हॉलिवूडमध्ये आचारसंहिता कडक, चुंबन लांबलेलं चालत नसे. त्याने ते तुकड्यातुकड्यांत केलं. ओठ सुटतात, रात्रीच्या जेवणाचं बोलणं होतं, पुन्हा भेटतात, तसेच बिलगून फोनपर्यंत चालत जातात. फोनवर निरोप मिळतो, हेरखात्यातला नायक कचेरीत जातो, आणि तिथे कळतं की या बाईला दुसऱ्या पुरुषाच्या जवळ पाठवायचंय. आधीची ती जवळीक बघितलेली नसती तर कचेरीतला त्याचा चेहरा आपल्याला वाचता आला नसता. चुंबनाची लांबी तिथे कामाला आली.

आता तुमची ओळ. ‘दोघं जवळ येतात.’ कोण आधी येतं? कोण थबकतं? दिवा कोण घालवतं? झाल्यावर पाठ कोण फिरवतं? हे तुम्हाला माहीत नाही म्हणून तुम्ही ते सेटवर ढकललं. सेटवर काय होतं ते मी टेबलावर बघितलंय. नाव सांगत नाही. एका चित्रपटाच्या अशाच एका ओळीचं चाळीस मिनिटांचं फुटेज माझ्यापुढे आलं. जवळजवळ प्रत्येक टेकमध्ये त्या मुलीची नजर कॅमेऱ्याच्या कडेला जात होती. आता तरी कोणी ‘कट’ म्हणेल का, हे ती शोधत होती. व्यक्तिरेखा त्या खोलीत नव्हतीच, होती ती घाबरलेली एक नटी. मी त्यातला एकही शॉट लावला नाही. दिग्दर्शक चिडला. मी आजही लावणार नाही.

जगातल्या नावाजलेल्या लोकांनीही हे केलंय. ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ 1972 चा. मारिया श्नायडर तेव्हा 19 वर्षांची. एका हिंसक प्रसंगातला तपशील तिला आधी सांगितला नव्हता. अभिनेत्रीची नव्हे, मुलीची प्रतिक्रिया हवी होती, असं दिग्दर्शक बर्तोलुच्चीने पुढे स्वतः सांगितलं. तिला तो अपमान आयुष्यभर विसरता आला नाही. याला कोणी कलेची उत्स्फूर्तता म्हटलं की मला राग येतो. नटाला माहिती नसणं म्हणजे उत्स्फूर्तता नव्हे. नृत्य बसवता, मारामारी बसवता, मग हेच तेवढं ‘बघू’?

तेव्हा बसा आणि तो सीन दीड पानाचा लिहा. कोणाचा हात कुठे, कॅमेरा कुठे, काय दिसणार नाही, कुठे थांबणार. लिहिताना लाज वाटून पेन अडलं तर तो सीन नटांकडून मागू नका. लिहून झाल्यावर दोन्ही नटांना आधी आणि वेगवेगळं वाचायला द्या. आता आपल्याकडेही इंटिमसी कोऑर्डिनेटर, म्हणजे असे प्रसंग नटांच्या संमतीने बसवून देणारी माणसं, काम करतात. बजेट लहान असलं तरी निदान एकदा पटकथा घेऊन त्यांच्याशी बोला. त्यांच्याशी बोलल्याशिवाय चित्रीकरणाची तारीख लावू नका.

नायिका आधी नको म्हणते, नायक सोडत नाही, मग हळूहळू तीही विरघळते. हे रोमँटिक वाटेल ना? (पिंपरी)

नाही. तुम्ही जबरदस्तीचा प्रसंग लिहिलाय आणि खाली प्रेमाचं संगीत लावताय. तिचा नकार पाळला गेला तर पुढे काय होईल, ते लिहा. आणि हा मसुदा एखाद्या लेखिकेला किंवा समुपदेशकाला वाचायला द्या.

मुलगी एस.वाय.ला आहे, एकांकिका करते. वेब सिरीजसाठी निवड झाली. करारात ‘कथेच्या गरजेनुसार येणारे सर्व प्रसंग करणे बंधनकारक’ असं वाक्य आहे. घाई करताहेत, उद्याच सही हवी म्हणतात. (सहकारनगर)

उद्या सही नाही. 18 पूर्ण नसतील तर अशा प्रसंगांची चर्चासुद्धा नको, पॉक्सो कायदा आहे. पूर्ण असतील तर हे वाक्य खोडून त्याजागी यादी मागा: कोणते प्रसंग, काय दिसेल, सेटवर कोण असेल, मॉनिटर कोण बघेल, न वापरलेल्या फुटेजचं काय होईल, ट्रेलर आणि पोस्टरसाठी वेगळी परवानगी घेणार का. ‘कथेची गरज’ कोणती, ते कथा वाचल्याशिवाय कसं कळणार? सगळी पटकथा मागा, नुसते तिचे सीन नकोत. मग करमणूक क्षेत्रातले करार बघणाऱ्या वकिलाला दाखवा. ताई, आणखी एक. निर्णय तिचा आहे. ती हो म्हणत असेल तर तुम्ही आडव्या येऊ नका आणि नाही म्हणत असेल तर संधी जाईल या भीतीने तिला ढकलू नका.

नवरा नट आहे. त्याने असे सीन केले की मला झोप लागत नाही. मी मागासलेली आहे का? (बाणेर)

अजिबात नाही. सीन स्वीकारण्याआधी त्याने तुम्हाला पटकथा वाचायला द्यावी, चित्रपट लागल्यावर नव्हे. झोपच लागत नसेल तर दोघं मिळून समुपदेशकाकडे जा.

लघुपट पूर्ण झाला. अभिनेत्री तीन आठवड्यांपूर्वी म्हणाली, तो एक सीन काढा. तेव्हा तिची तोंडी परवानगी होती. महोत्सवाची मुदत जवळ आली आहे. काय करू? (औंध)

तुम्ही लिहिलंय की तिने हे तुम्हाला तीन आठवड्यांपूर्वी सांगितलं. तीन आठवडे तुम्ही तिच्याशी न बोलता मुदत मोजत बसलात, हे मला आवडलेलं नाही. आज तिला फोन करा. तिच्या सोयीने, तिला हवं ते माणूस सोबत घेऊन, टेबलावर बसवून सीन दाखवा. कुठला शॉट नको ते तिला सांगू द्या, वाद घालू नका. मग मधलं पान झाकून बघायची कसोटी लावा. बहुतेक वेळा लक्षात येतं की दाराशी काढलेल्या चपलांचा एक शॉट आणि सकाळचा एक चेहरा एवढ्यावर काम भागतं. नाही भागलं तर महोत्सव पुढच्या वर्षीही आहे. काढलेल्या फुटेजच्या प्रती कोणाकोणाच्या हार्ड डिस्कवर आहेत त्याची यादी करा, त्या परत घ्या आणि काय ठरलं ते दोघांच्या सहीने लिहून ठेवा. ते लिहायला वकील घ्या. पण वकिलाच्या आधी तिला फोन.