दहावीत मुलाचं गणित राहिलं, पुढे काय करावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाकी विषयांत साठच्या पुढे गुण आहेत, फक्त गणित राहिलं. निकालापासून मुलगा खोलीतून बाहेर येत नाही. त्याचे बाबा आयटीआय म्हणतायत आणि मामा म्हणतात, वर्षभर घरी बसवून अभ्यास करून घ्या. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते, म्हणून लिहिते आहे.

आधी मुलाकडे बघा. जेवण तुटलं, झोप उडाली किंवा ‘मी नसतो तर बरं’ असं काही बोलला, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही. नातेवाइकांचे फोन काही दिवस तुम्हीच घ्या.

पुढचं शिक्षण या आठवड्यात ठरवायलाच हवं असं नाही. घाई आहे ती दोनच गोष्टींची: उत्तरपत्रिकेच्या छायाप्रतीचा अर्ज आणि पुरवणी परीक्षेचा फॉर्म. दोन्हींची मुदत थोडी असते, शाळेत विचारून लगेच भरा. पुनर्मूल्यांकन हवं असेल तरी छायाप्रत आधी घ्यावीच लागते.

ती आली की त्याच्याशेजारी बसून पान न् पान बघा. माझ्या एका विद्यार्थ्याची छायाप्रत आम्ही अशीच बघितली. बीजगणितात खाडाखोड होती, पण पानं भरलेली. भूमितीत प्रमेयाखाली ‘पक्ष’, ‘साध्य’ लिहिलेलं आणि पुढे कोरं. रचनेच्या प्रश्नाला हातच लावला नव्हता. ‘मला गणितच जमत नाही’ म्हणणाऱ्या त्या मुलाचं अडलं होतं समरूपता आणि वर्तुळाशी. पुरवणीपर्यंत तेवढीच प्रकरणं आणि रचना पक्की करून घेतली, आणि तो सुटला.

मामांचं मात्र मला अजिबात पटत नाही. एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, विषय नंतर सोडवायचा असतो. मग वर्ष कशाला घालवायचं?

बाबांचं म्हणणं वाईट नाही. दहावी नापास मुलांनाही आयटीआयच्या काही ट्रेडना प्रवेश मिळतो. पण तो राग म्हणून नको. त्याला जवळच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये घेऊन जा, मशिनवर काम करणाऱ्या मुलांशी बोलू द्या. घरी आल्यावर आधी त्याला बोलू द्या, बाबांनी नंतर बोलावं.