तुमचे प्रश्न : आभार फक्त सणालाच का?

प्रश्न : ताई, मी हर्णैजवळच्या एका गावात राहते. आमची नारळ-सुपारीची वाडी आहे, दिरांची मच्छीची बोट आहे. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देताना, गणपतीत, घरात नवं म्हणजे नव्या भाताची लोंबी बांधतो त्या दिवशी सगळे इतकं भरभरून बोलतात, देवाने दिलं, दर्याने दिलं, आणि दुसऱ्या दिवसापासून लाइट गेली, माकडांनी शहाळी पाडली, मच्छीला भाव नाही, हेच चालू. मी मोबाइलवर बघून रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायला घेतल्या पण थोड्याच दिवसांत घर, मुलं, तब्येत हेच परत परत यायला लागलं आणि कंटाळा आला. मग म्हटलं लिहिण्यापेक्षा बोलू, तर सासूबाईंना थँक्यू म्हटल्यावर त्यांना रागच आला, "मी काय पाहुणी आहे का गं?" मिस्टर म्हणतात आपल्यात हे असलं नसतं. रोज करायचं तर करायचं कसं? – एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : आधी सासूबाईंचं घेते कारण मला त्यांचं पटतं. आपल्याकडे घरातल्या माणसाला कोणी असं आभार-बिभार म्हणत नाही, ते बाहेरच्यांसाठी, त्यामुळे तुम्ही थँक्यू म्हटलंत की त्यांना वाटणार सून हिशोब मिटवतेय. त्यांना तो शब्द नकोय पण त्यांनी केलेलं कोणाच्या तरी लक्षात आलं हे नको असेल असं मला अजिबात वाटत नाही. त्यामुळे थँक्यू सोडा आणि झालं काय ते सांगा. "आई, आमसुलं तुम्ही आत घेतलीत म्हणून पावसात भिजली नाहीत, मी तर विसरलेच होते." बास, एवढंच. आणि हे चारचौघांत सांगितलंत, जेवताना मिस्टरांसमोर, मुलांसमोर, तर अजून चांगलं. काही माणसांना बोललेलंही अवघड वाटतं, त्यांच्यासाठी एखाद्या दुपारी "तुम्ही पडा, मी बघते" म्हणून त्यांचं काम आपण करायचं, ते बरोबर पोचतं.

आता डायरी. ते तीन गोष्टींचं जे तुम्ही बघितलंत ते खरं आहे, मार्टिन सेलिगमन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली त्यावरचा अभ्यास छापला होता, त्यात लोकांनी एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहिल्या आणि त्यांना सहा महिन्यांनंतरसुद्धा फरक जाणवत होता, त्यातही जे स्वतःहून पुढे लिहीत राहिले त्यांना जास्त. पण मोबाइलवरच्या व्हिडिओत एक भाग बरेचदा गळून जातो. त्या अभ्यासातल्या लोकांना गोष्टीसोबत ती का घडली हेही लिहायचं होतं. "मुलं" असं लिहिलंत की उद्याही तेच लिहाल, पण "धाकट्याला आज वाचता आलं कारण बाईंनी सुट्टी झाल्यावर थांबवून घेतलं" असं लिहिलंत की लगेच एक माणूस समोर येतो, आणि उद्या त्या बाई भेटल्या तर बोलायला काहीतरी असतं. दुसरं म्हणजे रोज लिहिलंच पाहिजे असं नाहीये. सोन्या ल्युबोमिर्स्की या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही वाढलं, बहुतेक त्याचा उबगच येतो, तुम्हाला आला तसा. म्हणून माझं म्हणणं असं की लिहा आठवड्यातून एकदा, सोमवारी म्हणा, पण बोला रोज.

आणि मिस्टरांना सांगा की आपल्यात हे नसतं असं नाही. देवापुढे घालतात ते गावचं गाऱ्हाणं आठवा, ग्रामदेवतेपासून शिवेवरच्या देवापर्यंत कोणाला वगळत नाहीत, एकेकाचं नाव घेतात आणि मग सगळे "होय महाराजा" म्हणतात. नवं बांधताना भाताची लोंबी दाराला, देव्हाऱ्याला, अवजारांनाही बांधतो, म्हणजे ज्याच्या ज्याच्यामुळे भात घरात आलं त्या प्रत्येकाला. नाव घेऊन मान द्यायची सवय आपल्याला आहेच, फक्त ती देवांना आणि वस्तूंना मिळते आणि माणसं राहून जातात. दिरांची बोट आहे ना, 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, मग नारळी पौर्णिमेला नारळ दर्याला जातो, ते हवंच, पण बोटीवरचे खलाशी, आपल्याकडे बरेचसे नेपाळहून येतात, त्यातल्या किती जणांची नावं घरातल्यांना माहीत आहेत? हंगाम संपून ते गावी निघतात तेव्हा नावाने हाक मारून निरोप द्यावा, पोरांच्या हातून खाऊचा डबा द्यावा. बोट चालवणाऱ्या तांडेलाला, नारळ पाडणाऱ्या पाडेकऱ्याला, मच्छी घेऊन दारात येणाऱ्या मावशीला, सगळ्यांना हे लागू.

एक मात्र कळकळीने सांगते. लाइट जाते, भाव पडतो, माकडं वाडी उद्ध्वस्त करतात, ह्याबद्दल बोलणं म्हणजे कृतघ्नपणा नव्हे. ती खरी नुकसानी आहे आणि त्यावर ओरडायलाच पाहिजे, ग्रामसभेत तर नक्कीच. गणपतीत मुंबईहून वीस-पंचवीस माणसं आली की आरतीला सगळे बाप्पाचे उपकार मानतात आणि चुलीपुढे मात्र तुम्ही, जाऊबाई आणि सासूबाई, रात्री अकरापर्यंत. तिथे नुसतं "वहिनी, मोदक मस्त झाले" पुरत नाही, भांडी घासायला उठायला लागतं. कोणी तुम्हाला "आहे त्यात समाधान मान" सांगून गप्प करत असेल तर ते ऐकून घेऊ नका. जो आभार मानतो त्याने थोडा भार उचलायला पाहिजे, आणि ह्या गणपतीत कामाची वाटणी तुम्ही आधीच फोन करून ठरवा, पुरुषांसकट.

प्रश्न : 2020 च्या निसर्ग वादळात आमची सुपारीची बाग झोपली. नवीन लावली आहे पण वडील अजून सावरले नाहीत. त्यांना रोज चांगल्या गोष्टी आठवा असं सांगावं का? – एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : नको, प्लीज. 3 जूनच्या त्या दुपारी तुमच्या भागात पिढ्यांनी जपलेल्या बागा काही तासांत गेल्या, आणि सुपारी परत धरायला पाच-सात वर्षं लागतात, उतारवयाच्या माणसाने एवढी वाट बघणं सोपं नाहीये. त्यांना दुःख करू द्या, आणि जुन्या बागेबद्दल विचारा, कुठली रांग कोणी लावली होती, शिंपणं कसं करायचे. वादळानंतर करवत घेऊन झाडं तोडायला कोण कोण आलं हे बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघालं तर त्या माणसांकडे त्यांना घेऊन जा, चहाला. झोप, जेवण कमी झालं असेल, कशातच मन लागत नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा. 14416 ही टेलिमानसची, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, हवं तर आधी तुम्ही स्वतः बोलून घ्या.