वाचकांचे प्रश्न: डॉक्टर नसताना मुलांच्या तब्येतीवर काम करता येतं का?

प्रश्न: ताई, मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहान मुलांचं आरोग्य आणि त्यातली विषमता यावर काम करावं असं फार वाटतं. घरी म्हणतात ते डॉक्टरांचं काम, तू तिथे जाऊन काय करणार? असं करिअर कुणी खरंच केलंय का? (एक विद्यार्थिनी, बार्शी)

उत्तर: केलंय ना. एक उदाहरण जरा सविस्तर सांगते, कारण मला ते फार मोलाचं वाटतं. सोनल्दे देसाई. या समाजशास्त्रज्ञ आहेत, पीएचडी स्टॅनफर्डची, अमेरिकेत मेरीलँड युनिव्हर्सिटीत त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलंय आणि दिल्लीत एनसीएईआर या आर्थिक-सामाजिक संशोधन संस्थेत काम केलंय. 2022 साली त्या पॉप्युलेशन असोसिएशन ऑफ अमेरिकेच्या अध्यक्ष होत्या. लोकसंख्या आणि आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या लोकांमध्ये हा केवढा मोठा मान आहे ते घरी नक्की सांग.

आता त्या डॉक्टर नाहीत, मग मुलांच्या तब्येतीबद्दल त्यांनी वेगळं काय बघितलं? 1995 चा त्यांचा एक अभ्यास घे. आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय की मुलं जास्त झाली की वाटणी कमी होते, मुलं खुरटतात, छोटं कुटुंब सुखी कुटुंब वगैरे. त्यांनी 15 देशांच्या सर्व्हेंमधून मुलांची वयाच्या मानाने उंची बघितली आणि विचारलं, पाठोपाठच्या भावंडाचा फटका सगळीकडे सारखाच बसतो का? तर नाही! फटका बसतो, पण कुठे जास्त, कुठे कमी, आणि याचा संबंध मूल वाढवण्याचा भार फक्त आईबापाच्या डोक्यावर आहे की नातेवाईक आणि सरकारी सोयी मिळून तो वाटून घेतला जातो याच्याशी दिसतो. तपासणीच्या टेबलावरच्या मुलाकडे बघून हे कळणार नाही, आणि डॉक्टरांचा त्यात दोष नाही, त्यांच्यासमोर एका वेळी एकच मूल असतं. वस्त्यांची, नात्यांची, देशांची तुलना करणं हे आपल्या विषयाचं काम.

नंतर त्यांनी रीव्ह व्हॅनमन (हेही समाजशास्त्रज्ञच) आणि इतर सहकाऱ्यांबरोबर भारतात एक प्रचंड सर्व्हे उभा केला, इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे. 2004-05 ला 41,554 घरं, 1,503 गावं आणि शहरांमधल्या 971 वस्त्या, आणि मग 2011-12 ला पुन्हा त्याच घरांकडे गेले. मूळच्या साधारण 83 टक्के घरांशी परत बोलता आलं. ज्यांनी फील्डवर काम केलंय त्यांना विचार सात वर्षांनी तेच घर शोधून काढणं म्हणजे काय असतं, माणसं गाव सोडून गेलेली, घरं वाटण्या होऊन फुटलेली. आणि प्रश्न फक्त उत्पन्न किती, जमीन किती एवढेच नव्हते. घरातल्या लग्न झालेल्या बाईची वेगळी मुलाखत, दवाखान्यात जायला कुणाला विचारावं लागतं, घरात जेवायला आधी कोण बसतं. दुसऱ्या फेरीत शिवाशिव पाळता का हेही विचारलं आणि जवळपास 27 टक्के घरांनी कुठल्या ना कुठल्या रूपात हो म्हटलं, तेही तोंडावर, परक्या माणसासमोर. मुलाच्या वजनाच्या आकड्याशेजारी हे सगळं ठेवता येतं, म्हणून तो सर्व्हे एवढा वापरला जातो.

तुझ्यासाठी सल्ला एकच, पण तो मनापासून आहे. स्टॅटिस्टिक्सला घाबरू नकोस. मराठी माध्यमातनं आलेल्या कित्येक हुशार मुली मी इथेच थांबलेल्या बघितल्यात आणि मला त्याचं खूप वाईट वाटतं, कारण वस्तीतलं वास्तव त्यांना कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. मुंबईत देवनारला आयआयपीएस आहे, 1956 पासून लोकसंख्येच्या अभ्यासाचीच संस्था, नॅशनल फॅमिली हेल्थ सर्व्हेचं काम तिथूनच चालतं, तिथल्या मास्टर्सची माहिती काढ. आणि इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हेचा डेटा रजिस्टर करून फुकट मिळतो, बार्शीत बसून सुद्धा.

प्रश्न: मी अंगणवाडी सेविका आहे. मीटिंगला नेहमी ऐकायला मिळतं की आई अडाणी आहे म्हणून मूल सॅममध्ये (तीव्र कुपोषणात) जातं. माझ्या पाड्यावर दहावी झालेल्या पोरींची मुलंही कमी वजनाची आहेत, आणि मलाच विचारतात की तुम्ही आईला समजावलं का नाही. खरं काय आहे? (एक सेविका, नंदुरबार जिल्हा)

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही जे पाड्यावर बघताय नेमका तोच प्रश्न 1998 मध्ये सोनल्दे देसाई आणि सौम्या अल्वा यांनी घेतला होता, म्हणून मुद्दाम या दोन पत्रांना एकत्र घेतलंय.

आधीची गोष्ट अशी की 1979 मध्ये जॉन काल्डवेल नावाच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने नायजेरियात, इबादान शहरात काम करून मांडलं की आई शिकलेली असेल तर मुलं कमी दगावतात आणि हे फक्त पैशामुळे नाही, शिकलेली बाई घरात बोलू शकते, दवाखान्यात धीटपणे जाते. हे म्हणणं महत्त्वाचंच होतं. पण पुढे ते जगभर पसरलं आणि पसरता पसरता त्याचं झालं असं की मूल आजारी का, तर आईला कळत नाही. जे एका बाईच्या ताकदीबद्दल होतं ते बाईच्या चुकीबद्दल झालं. मला हे फार लागतं.

देसाई आणि अल्वांनी 22 देशांचा डेटा घेतला आणि तीन गोष्टी तपासल्या, बाळं दगावण्याचं प्रमाण, वयाच्या मानाने उंची, आणि लसीकरण. वरवर बघितलं तर शिकलेल्या आईची मुलं तिन्हीत पुढे. मग त्यांनी हिशोबात नवऱ्याचं शिक्षण घेतलं, घरात नळाचं पाणी आहे का घेतलं, संडास आहे का घेतलं, तर आईच्या शिक्षणाचा जोर कमी झाला. मग एकाच वस्तीतल्या आयांची आपापसात तुलना केली, म्हणजे रस्ता तोच, दवाखाना तोच, तर आणखी कमी झाला. बाळं दगावणं आणि उंची या दोन्हींत आईच्या शिक्षणाचा ठळक परिणाम मोजक्याच देशांत उरला. लसीकरणात मात्र साधारण निम्म्या देशांत टिकला. मला यात अर्थ दिसतो, कारण लसीची तारीख लक्षात ठेवणं, कार्ड जपणं, बाळाला घेऊन केंद्रावर जाणं हे शिक्षणाने बऱ्यापैकी सोपं होतं. पण दहावीचं सर्टिफिकेट पाड्यावर पाण्याचा नळ आणत नाही, आणि पावसाळ्यात ओढा भरला की रस्ताही आणत नाही.

म्हणजे शिकलेल्या बाईचं मूल धडधाकट दिसतं त्यातला मोठा वाटा असा आहे की शिकलेल्या बाईचं लग्न बरं कमावणाऱ्या घरात, बऱ्या वस्तीत होण्याची शक्यता जास्त असते. तुमच्या पाड्यावरच्या दहावी झालेल्या पोरी तर तिथेच राहिल्या ना, त्याच पाण्यावर, आणि कामासाठी घर बंद करून बाहेर जावं लागलं की टीएचआरची (घरी न्यायच्या पोषण आहाराची) पाकिटं नि वजनाची नोंद सगळं मागे राहतं. याचा अर्थ मुलींना शिकवू नका असा कुणी काढू नये, शिक्षण त्यांचा हक्क आहे, त्यासाठी बाळाच्या वजनाचं कारण लागत नाही. आणि समजावण्याचं तुमचं काम वाया जातं असंही नाही, फक्त समजावलेलं करायला समोरच्या बाईच्या हातात काहीतरी असावं लागतं. अमृत आहार योजनेत 2015 पासून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं शिजवलेलं जेवण द्यायचं ठरलं, ते मला म्हणूनच योग्य वाटतं, त्यात उपदेशाआधी ताट आहे. पुढच्या मीटिंगला कुणी परत तसं म्हणालं तर विचारा, या यादीतल्या किती घरांत पाणी येतं, ते आधी लिहू या का?

प्रश्न: महाराष्ट्र एवढा पुढारलेला, कारखाने आहेत, हॉस्पिटलं आहेत, मग आपली मुलं खुरटलेली कशी? यात जात नि गरिबी सोडून आणखी काय असतं? (एक वाचक, पुणे)

उत्तर: थोडक्यात सांगते. राज्यात पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये वयाच्या मानाने उंची कमी असलेली मुलं 2005-06 ला 46.3 टक्के होती, 2015-16 ला 34.4 वर आली, आणि 2019-21 ला 35.2, म्हणजे तिथेच अडकलोय. देशाचा आकडा 35.5. पैसेवालं राज्य असून आपण सरासरीलाच आहोत.

जात आणि गरिबी बाजूला ठेवता येत नाही, पण तुम्ही आणखी काय विचारलंत तर उत्तर घराच्या आत आहे. डायन कॉफी या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 2015 मध्ये दाखवलं की भारतात दिवस जायच्या आधीच 42.2 टक्के बायकांचं वजन कमी असतं, आफ्रिकेच्या सहारा वाळवंटाखालच्या देशांत, जे बहुतेक आपल्याहून गरीब आहेत, तिथे 16.5 टक्के. म्हणजे बाळ पोटात येण्याआधीच मागे पडलेलं. त्याआधी त्यांनी, रितिका खेरा आणि डीन स्पीअर्स यांनी खेड्यातली एकत्र कुटुंबं बघितली होती. एकच घर, एकच चूल, तरी धाकट्या सुनेची मुलं थोरल्या जावेच्या मुलांपेक्षा सरासरीने बुटकी निघाली. घरातला पैसा दोघींना सारखाच, मान सारखा नाही.

मी स्वतः पंचविशीत एका सर्व्हेसाठी गावोगाव फिरले आहे. दोन वर्षांखालच्या बाळाला फळीवर आडवं झोपवून लांबी घ्यायची, बाळ रडायचं, आजी म्हणायची मापं नका घेऊ, दृष्ट लागते. एका घरी धाकट्या सुनेला विचारलं जेवायला आधी कोण बसतं, तर सासूनेच उत्तर दिलं, आमच्यात तसलं काही नाही, सगळी एकत्रच बसतात. सुनेने मान हलवली. दुपारचे अडीच वाजले होते. आम्ही फळी नि काटा आवरत होतो तेव्हा ती पोरगी चुलीपाशी टोपलं ओढून बसली, त्यात दीड भाकरी होती आणि कालवणाचं पातेलं पुसून घेतलेलं. फॉर्मवर मात्र मी सगळे एकत्र जेवतात यावरच गोल केला होता, उत्तर तेच मिळालं होतं म्हणून.